काटा थांबलाय, पण टीप आत सरकतेय

अगं, तुझा प्रश्न दोनदा वाचला. आठ महिन्यांत 79 वरून 68 किलो, उंची पाच फूट चार इंच, कुर्ता एक्सएलवरून एमवर आलेला, कंबर 39 इंचांवरून 34. अडीच महिन्यांपूर्वी जिममध्ये वजनं उचलायला लागलीस. आणि तरी तू रडकुंडीला आली आहेस, कारण सात आठवडे काटा 68 वरच बसलाय, कॉलेजात असतानाचं 65 काही गाठता येत नाही, आणि वर सासूबाई म्हणतात, चेहरा उतरलाय, आता पुरे. डिसेंबरात दिराचं लग्न आहे, तर ब्लाउज आत्ता शिवायला टाकू की 65 झाल्यावर, हेही विचारलंयस. ब्लाउजचं शेवटी सांगते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मला ब्लाउजनेच शिकवली.

मी दोनदा वजन उतरवलंय. पहिल्यांदा चाळिशीत, तीन महिन्यांत 80 वरून 71. सूप, काकडी, फळं, संध्याकाळी सातनंतर काही नाही. सगळीकडून कौतुक झालं. त्याच आनंदात एक मोरपंखी ब्लाउज शिवून घेतला. पण केस हातात येत होते, दोन जिने चढले की पाय भरून यायचे. पुढच्या दीड वर्षात वजन परत चढलं, 82 पर्यंत. दुसऱ्यांदा सुरुवात केली ती रक्तातली साखर वाढायला लागली म्हणून. या वेळी डाळ, अंडी, दही, ताक, उसळी भरपूर, भात-पोळी मोजून, आणि आठवड्यातून तीन दिवस डंबेल्स. 71 वर यायला दीड वर्ष लागलं. त्या दिवशी मोरपंखी ब्लाउज काढून घातला. काटा 71, तेव्हाही 71. ब्लाउज पोटाशी एवढा सैल की हात आत जात होता. माझ्या ब्लाउजवाल्या ताई जुन्या मापांच्या वह्या टाकत नाहीत. त्यांनी वही काढली. सात वर्षांपूर्वीची ब्लाउजची कंबर 35, आत्ताची 32. दंडाचं माप मात्र तेवढंच. पहिल्या वेळी चरबीबरोबर माझे स्नायूही गेले होते. दुसऱ्या वेळी ते टिकले. काट्याला यातलं काहीच दिसलं नाही.

तुझ्या सात आठवड्यांत हेच चाललंय असं मला वाटतं. पण एक गैरसमज आधी काढते. जिममध्ये सगळे सांगतात की स्नायू चरबीपेक्षा खूप जड असतात, म्हणून काटा हलत नाही. फरक आहे, पण फार नाही. एक लिटर चरबी साधारण 900 ग्रॅम भरते आणि एक लिटर स्नायू 1060 ग्रॅम. म्हणजे दीड किलो चरबी जाऊन दीड किलो स्नायू आले, तरी एकूण आकारमान जेमतेम पाव लिटर कमी होईल. तेवढ्याने कुणाचा कुर्ता सैल होत नाही. खरी गोष्ट जागेची आहे. चरबी जाते ती पोटावरून, पाठीच्या वळ्यांवरून, आणि पोटाच्या आतली तर तुलनेनं लवकर उतरते. स्नायू येतात ते मांड्यांत, पाठीत, खांद्यांत. शिवाय नव्याने व्यायाम करणाऱ्याच्या स्नायूंमध्ये पाणीही जास्त साठतं, त्याचं वजन काट्यावर दिसतं. सात आठवड्यांत काही तीन-चार किलो स्नायू चढत नाहीत, तेव्हा तसली स्वप्नं बघू नकोस. पण किलो-दीड किलो चरबी गेली आणि तेवढंच थोडे स्नायू नि थोडं पाणी मिळून आलं, हे अगदी शक्य आहे.

पाण्याचं गणित समजून घे, म्हणजे निम्मी चिंता कमी होईल. शरीर ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात राखून ठेवायची साखर, साठवतं तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बरोबर ठेवतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून आपण नाचतो, त्यातलं बरंचसं हेच पाणी असतं. आणि लग्नाच्या पंगतीत जेवून आलो की दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसतं, तेही हेच पाणी आणि मिठामुळे अंगात धरून राहिलेलं पाणी. पापड, लोणचं, फरसाण खाल्लेल्या रात्रीनंतरचा काटा बघूच नये. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवसही तसेच. तू रोज सकाळी काट्यावर उभी राहतेस म्हणालीस. राहा, पण त्या आकड्यावर दिवस ठरवू नकोस. आठवड्याची सरासरी काढ आणि ती मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघ, म्हणजे पाळीचा हिशेब आपोआप सुटतो. तुझ्या काट्यावर चरबीची टक्केवारीही येते ना, तिच्याकडे तर लक्षच देऊ नकोस. तो काटा पायांतून हलका विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतो, आणि अंगातलं पाणी बदललं की अंदाजही बदलतो.

वजन आणि शरीर यांत किती अंतर असू शकतं याचं एक उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपण भारतीय सडपातळ दिसूनही आतून चरबीचे असू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर दाखवलं. मला हे फार मोठं वाटतं. म्हणूनच आपल्याकडे बायकांसाठी कंबरेची मर्यादा 80 सेंटिमीटर धरतात आणि पुरुषांसाठी 90. आणखी सोपी खूण म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुझी उंची 64 इंच, म्हणजे कंबर 32 च्या आत. तू 34 वर आहेस.

तेव्हा सासूबाईंचं “आता पुरे” मी मान्य करणार नाही, पण तुझं 65 ही मान्य करणार नाही. तुला अजून दोन इंच उतरायचे आहेत. ते 66 वर उतरतील, 67 वर उतरतील की 64 लागतील, ते तुझं शरीर ठरवेल. विशीतल्या 65 किलोंत काय काय होतं हे कुणी मोजलं नव्हतं, त्याच्या मागे का लागतेस?

कंबर मोजताना टेप परकराच्या नाडीवर धरू नकोस, नाडी प्रत्येक जण आपल्या सोयीने बांधते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. महिन्यातून दोनदा पुरे.

कुर्त्याच्या एक्सएल-एमवरही फार भिस्त ठेवू नकोस, आनंद झाला तो होऊ दे. साधारणपणे एम म्हणजे छाती 38, एल 40, एक्सएल 42 असं धरतात, पण प्रत्येक ब्रँडची सैल सोडण्याची पद्धत वेगळी. माझ्याकडे आजही एम, एल आणि एक्सएल असे तीनही कुर्ते आहेत आणि तिन्ही मला नीट बसतात. भारतीय बांध्याची स्वतःची प्रमाणित मापं ठरवण्यासाठी निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने ‘इंडियासाइझ’ नावाची पाहणी हाती घेतली, ती एवढ्यासाठीच. लेगिंग आणि इलॅस्टिकची पॅंट तर काहीच सांगत नाही. न ताणणारं कापड हवं. जुना सुती ब्लाउज, जीन्स, नवऱ्याचा जुना शर्ट, काहीही एक ठरव आणि महिन्यातून एकदा तेच घाल. आणि साडी नेसत असशील तर निऱ्या मोज. त्याच साडीला एक निरी जास्त पडायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी बदलतंय. काटा तेव्हाही जागेवरच होता.

आता चेहरा. सासूबाईंचं वाईट वाटून घेऊ नकोस. गाल आणि गळा आधी उतरतात आणि बघणाऱ्याला तेच आधी दिसतात, कारण पोट ओढणीखाली झाकलेलं असतं. आपल्याकडे भरलेले गाल म्हणजे सुखी घर असं मानणाऱ्या पिढीला सून वाळलेली बघवत नाही, त्यात माया आहे. मलाही माझ्या आईने सहा महिने रोज विचारलं, बरं आहे ना तुला? वजन स्थिर राहिलं की चेहरा काही महिन्यांत बराच सावरतो. दंडाची कातडी हळू सावरते, आणि वय जास्त किंवा उतरलेले किलो जास्त असतील तर थोडी सैल राहतेही. माझी राहिली आहे. बिनबाह्यांचे कपडे मी तरी घालते.

पण सासूबाईंच्या बोलण्यातलं एक मात्र तपासून घे. जेवणात प्रथिनं पुरेशी आहेत का? आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने निरोगी मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम लागतात, म्हणजे तुला रोज 56 च्या आसपास, आणि वजन उतरवताना नि व्यायाम करताना त्याहून थोडी जास्तच. पातळ वरणाच्या वाटीने ती भरत नाहीत. 30 ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत साडेसहा ग्रॅम, एका अंड्यात सहा. एक दिवस सगळं लिहून काढ, उत्तर तुझं तुलाच मिळेल. केस गळत असतील, थकवा असेल तर रक्त तपासून घे. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एवढंच, की काहीही न करता कपडे सैल व्हायला लागले, तहान वाढली, तर आनंद मानत बसू नका, साखर आणि थायरॉइड लगेच बघा.

तर ब्लाउज. आत्ताच शिवायला टाक. 65 ची वाट बघत बसलीस तर लग्नसराईत कुणी हातात घेणार नाही आणि तू आठवडाभर उपाशी राहशील, ते मला नको आहे. कटोरी, म्हणजे छातीला वाटीसारखे वेगळे तुकडे जोडलेला, शिवू नकोस, छाती उतरली तर कटोरी पोकळ राहते आणि ती बारीक करणं कठीण जातं. साधा चार टक्सचा, म्हणजे कापड चार ठिकाणी चिमटून शिवलेला, शिव. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवायला सांग आणि आतून तीन टिपा मारून घे. लग्नाच्या दहा दिवस आधी घालून बघ आणि सैल वाटला तर आणखी एक टीप आत घे. खांदा मात्र आत्ताच नेमका मापात घ्यायला सांग, तो सैल राहिला तर मागाहून टीप मारून सुधारत नाही. आणि जुने ब्लाउज आत घेताना मायेचं कापड कापू देऊ नकोस.