फुरशाचा तक्ता, मण्यारीचा परिच्छेद

प्रिय डॉक्टर,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा थीसिस काल रात्री वाचून झाला. सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर, 8 टक्के, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांतल्या 10 टक्क्यांच्या आत, म्हणून तू निश्चिंत आहेस. मी नाही. तुझ्या तक्त्यात बहुतेक रुग्ण फुरसं चावलेले आहेत आणि डिस्कशनमध्ये लिहिलंस, ‘आमच्याकडे मण्यारीचे दंश सर्वाधिक’. दुसऱ्याच्या पेपरातला परिच्छेद उचललास, शब्द फिरवलेस, त्यातला साप मात्र तसाच राहिला.

1978 साली अमेरिकेत एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेतल्या हेलेना वाक्सलिश्ट-रॉडबार्ड या तरुण डॉक्टरने अ‍ॅनोरेक्झियाच्या (खाणं टाळण्याच्या आजाराच्या) रुग्णांमधल्या इन्सुलिनवर लेख लिहून ‘न्यू इंग्लंड जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकाला पाठवला. तो तपासायला गेला येल विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाकडे. त्याच विषयावर त्यांच्याकडेही काम चालू होतं. तिथून नापसंतीचा शेरा आला. पुढे त्याच प्रयोगशाळेचा लेख दुसऱ्या जर्नलकडून तपासणीसाठी आला आणि फिरत फिरत पोचला हेलेनाच्याच हातात! वाचते तर तिचीच वाक्यं, साठेक शब्द जसेच्या तसे, तिचं सूत्रसुद्धा. तिने पिच्छा सोडला नाही. 1980 मध्ये तपासणी झाली तेव्हा रुग्णांच्या सगळ्या नोंदीच सापडेनात. त्या प्रयोगशाळेचे अनेक लेख मागे घ्यावे लागले.

तुझा परिच्छेद मला म्हणून बोचतो. उचललेलं वाक्य दिसलं की परीक्षकाच्या मनात येतं, रुग्ण तरी खरंच पाहिलेत का? तू पाहिलेस. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही; ते तपासायला रात्री दोन वाजता, 20 मिनिटं झाल्यावर काचेची नळी तिरकी करून ‘सर, रक्त गोठलं नाही’ म्हणत धावत आलेलं मी तुला पाहिलंय. ते तुझ्या थीसिसमध्ये कुठेच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

स्वतः पाहिलेल्या रुग्णांवर लिहिलेलंच मोलाचं ठरतं. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. तेही आपल्या कोकणातलंच.

इंग्रजीची धास्ती असते, ठाऊक आहे मला. मीही मराठी शाळेतूनच आलो. सोमवारी ओपीडी संपली की प्रोफॉर्म्यांची, म्हणजे रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्यांची, फाइल घेऊन ये. आपल्याकडे फुरसंच का जास्त, ते आधी मराठीत सांग, मग इंग्रजीत लिहायला बसू. मण्यारीचे आकडे तुलनेला लागतीलच. ते त्या लेखकाच्या नावाने, संदर्भासकट घाल.

तुझा,
सर