पर्यावरणस्नेही वसाहतीत राहायला येण्याआधी

आपण बेळगावातील नोकरी सोडून खानापूरकडील आमच्या वसाहतीत येण्याचा विचार करीत आहात, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. लोक येथे स्वच्छ हवा आणि विषमुक्त भाजीपाला यांसाठी येतात असे सांगितले जाते. ते खरेही आहे, परंतु माझ्या मते मूळ ओढ सोबतीची असते, कारण शहरातील बंद दारांमागे जो एकटेपणा साचतो त्यावर एकत्र पेरणी, सामाईक स्वयंपाकघर आणि सर्वांनी मिळून घेतलेले निर्णय यांचा उतारा माणूस शोधत असतो. पुदुच्चेरीजवळ २८ फेब्रुवारी १९६८ रोजी स्थापन झालेल्या ऑरोविल या सामूहिक वसाहतीत रहिवाशांनी उजाड तांबड्या पठारावर झाडे लावून वन उभे केले. स्वतःच्या हातांनी काही घडवण्याचे हे समाधान पगारात मिळत नाही.

मात्र हिवाळ्यात पाहुणे म्हणून येऊन निर्णय घेऊ नका. जुलैत महिनाभर राहा. कणकुंबी परिसरातील पाऊस, ओली चूल आणि शौचखतासाठी, म्हणजे मैल्याचे खत करण्यासाठी, लागणारा कोरडा पालापाचोळा संपल्यावर होणारे वाद (हे वाद फार गंभीरपणे चालतात) अनुभवल्यावर आपले मत कदाचित बदलेल. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो, तो जाणकाराकडून वाचून घ्या. शेजारच्या गावकऱ्यांशी आधी ओळख करून घ्या. भाताच्या रोपलावणीचे ज्ञान त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नव्हते.