पुण्याच्या पाषाण तलावात काचपट्टी बुडवून ठेवली तर तिच्यावर जिवाणूंचा थर कसा चढतो? तो घरी किंवा कॉलेजात बघता येईल का?

हो, येईल. पट्टी बुडताच काही मिनिटांत पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं तिला चिकटतात. जिवाणू काही तासांत त्या लेपावर बसतात. आधी पकड सैल, मग चिकट बहुशर्करा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) सोडून घट्ट. उजेडात पुढे डायटम (काचेसारखं कवच असलेली एकपेशीय शैवालं) येतात.

पट्ट्या 20-30 सेंमी खोल, उभ्याच बांधा. आडव्या ठेवल्यात तर गाळ साचतो आणि तोच थर समजला जातो; बहुतेकांचं इथेच फसतं. 1, 3, 7, 14 दिवसांनी एकेक काढा, गाळलेल्या तलावाच्याच पाण्यात हलके बुचकळा. एक बाजू पुसा, वाळवा, ज्योतीवरून झटकन फिरवा, 0.1 टक्का क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) 1 मिनिट लावून ठेवा. जिवाणू नीट दिसायला सूक्ष्मदर्शकाचं, तेलाचा थेंब लावून वापरायचं 100 पट वस्तुभिंग हवं.

शेजारी बेसाल्टची (काळ्या दगडाची) चीप जरूर टांगा: तिच्या खाचांत जिवाणूंना आडोसा मिळतो. मात्र तिच्यातून उजेड जात नाही, थर ब्रशने खरवडून पाहावा लागतो.