शेव्हरले 250 सहा सिलिंडर इंजिनला कोणता इनटेक मॅनिफोल्ड बसवावा: फोर बॅरलचा की तीन कार्बोरेटरचा?

तुमचं म्हणणं असं दिसतंय की मूळचा एका बॅरलचा (हवेची एकच वाट असलेला) कार्बोरेटर काढून इंजिनात जरा दम आणायचाय, हेडर (एक्झॉस्टचा वायू बाहेर नेणाऱ्या वेगवेगळ्या नळ्या) आधीच घेऊन झालेत, आणि आता फोर बॅरल की तीन कार्बोरेटर यावर गाडी अडलीय. कुठलाही घ्या. पण आधी एवढं सांगा, त्या मॅनिफोल्डला (कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंत हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीला) खालून ऊब कुठून मिळणार आहे? याचं उत्तर तयार नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.

मी एवढ्या तावातावाने बोलतोय, कारण हाच वाद माझा माझ्या साडूंशी गेली कित्येक वर्षं चालू आहे. त्यांच्याकडेही हेच इंजिन. त्यांनी मूळचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून हेडर लावले, आणि वर चकचकीत अॅल्युमिनियमचा फोर बॅरलचा मॅनिफोल्ड, त्यावर 600 सीएफएमचा (मिनिटाला 600 घनफूट हवा सोडणारा) कार्बोरेटर. त्यांचं ठाम मत: "थंड हवा म्हणजे ताकद. कंपनीवाल्यांनी इनटेक उगाच एक्झॉस्टच्या डोक्यावर बसवलाय."

उगाच नाही बसवलेला. मूळ रचनेत दोन्ही मॅनिफोल्ड मधोमध एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, आणि हीट रायझरची झडप इंजिन थंड असताना एक्झॉस्टचा गरम वायू कार्बोरेटरच्या बरोबर खाली वळवते. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. ती उष्णता मिळाली नाही तर पेट्रोल थेंबांच्या रूपातच राहतं, मॅनिफोल्डच्या तळाला साचतं, आणि वाटेल तेव्हा वाटेल त्या सिलिंडरमध्ये जातं. पोर्टच्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या हेडमधल्या वाटेच्या) तोंडाशी फवारणाऱ्या इंजेक्शनला हा प्रश्न नसतो. मधोमध एक कार्बोरेटर आणि दोन्हीकडे लांबलचक हात असलेल्या सहा सिलिंडरला तो सगळ्यात जास्त असतो.

साडूंची गाडी गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्याला पळायची, नाही असं नाही. पण सकाळी चोक सोडला की बंद. उभ्या गाडीला उचलायला जावं तर आधी खड्डा (पाय दाबूनही इंजिन क्षणभर ढेपाळतं), मग कार्बोरेटरमधून शिंक, मग एकदम झटका. साडूंनी पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, प्लगच्या वायरी बदलल्या, डिस्ट्रिब्युटर खोलून परत बसवला. मॅनिफोल्डवर संशय घ्यायची सोयच नव्हती, कारण तो नवा होता.

मी गेलो तेव्हा इंजिन बराच वेळ चालू होतं. रेडिएटरला हात लावता येत नव्हता, आणि मॅनिफोल्डच्या पोटाला खालून हात लावला तर गारेगार. नुसतं गार नाही, बाहेरून घाम फुटलेला, बोटांना पाणी लागलं. साडू म्हणतात, "बघा, किती थंड चालतंय!" कौतुकाने! मग सहाही प्लग काढून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. 3 आणि 4 काजळीने काळेकुट्ट, 1 आणि 6 पांढरेफटक, 2 आणि 5 अधलेमधले. मधले दोघे ओलं पेट्रोल पीत होते आणि टोकाचे उपाशी. एकाच कार्बोरेटरवर असा प्रकार असताना तुम्ही जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) कुठला घालणार? मोठा घातला तर मधले बुडतात, लहान घातला तर टोकाचे पिस्टन भाजतात.

हेडर लावताना मॅनिफोल्डखालचं हीट रायझरचं तोंड एक साधी पट्टी मारून बंद केलेलं होतं. ती पट्टी काढून आम्ही तिथे अॅल्युमिनियमची चपटी पोकळ पेटी बसवली, दोन बाजूंना टॅप मारून नळ्या घातल्या आणि हीटरच्या पाइपातलं पाणी तिच्यातून फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू झाली ती चालूच राहिली. उचलताना ना खड्डा, ना शिंक.

पण आम्ही पेटी बसवली त्याच संध्याकाळी साडूंनी नवी कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बसवली होती. झालं! आजतागायत नातेवाइकांत गाडीचा विषय निघाला की, "कॉइलने कमाल केली हो." मी म्हटलं, जुनी कॉइल डिकीत आहे ना, ती लावा, आणि पाणी तसंच राहू द्या, दहा मिनिटांचं काम आहे. किंवा उलटं करा, कॉइल नवी ठेवा आणि पाणी बंद करा. दोन्हीतलं एकही ते करत नाहीत. कमकुवत कॉइलने मिसिंग होतं हे मला मान्य आहे, पण कॉइलमुळे मॅनिफोल्डला घाम फुटत नाही, आणि फक्त 3 आणि 4 चे प्लग काळे होत नाहीत. हे वाचत असतील तर वाचोत.

आता तीन कार्बोरेटर. याला साडूंचा पुरावा म्हणजे जॅग्वार. 1961 च्या ई-टाइपला तीन एसयू कार्बोरेटर होते, मग आपल्याला का नको? अहो, जॅग्वारच्या हेडला सहा सिलिंडरना सहा वेगळे इनटेक पोर्ट आहेत. तुमच्या 250 ला तीनच: 1-2 चा एक, 3-4 चा एक, 5-6 चा एक. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-5-3-6-2-4 मांडून बघा. मधल्या पोर्टमधून ओढ क्रॅंकशाफ्टच्या दर 360 अंशांनी येते, अगदी सारखी. दोन्ही टोकांच्या पोर्टमधून आधी 240 अंशांनी आणि मग 480 अंशांनी. म्हणजे एकेका पोर्टवर एकेक कार्बोरेटर बसवला तर तिघांना तेच जेट घालूनही मधला वेगळा वागतो. तिघांना जोडणारी बॅलन्सची नळी चांगली जाड नसेल तर आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा संथ वेग) कधीच एका जागी राहत नाही. दिसायला मात्र झकास, बोनेट उघडलं की चार माणसं जमतात. त्यासाठीच हवं असेल तर तसं स्पष्ट म्हणा, मी काही बोलणार नाही.

याउलट पुढच्या तिघांना एक आणि मागच्या तिघांना एक असे दोन कार्बोरेटर लावा. 1, 2, 3 मध्येही ओढ दर 240 अंशांनी, 4, 5, 6 मध्येही दर 240 अंशांनी. 3-4 चं पोर्ट सामाईक असल्याने तिथे दोघांची वाटणी होते, तरी तीन कार्बोरेटरपेक्षा हिशोब बराच सारखा. हडसन कंपनीने आपल्या हॉर्नेट गाडीला ट्विन एच-पॉवर म्हणून दोन कार्बोरेटर दिले होते, आणि 1952 साली अमेरिकेतल्या नासकार मालिकेच्या 34 पैकी 27 शर्यती त्या सहा सिलिंडरच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाने जिंकल्या. दोनच कार्बोरेटरवर.

फोर बॅरल घेणार असाल तर लहान घ्या. 250 घनइंचांना 4500 आरपीएमने गुणा आणि 3456 ने भागा, साधारण 325 सीएफएम येतात, तेही सिलिंडर शंभर टक्के भरले तर. रस्त्यावरचं जुनं इंजिन 80 टक्के भरलं तरी पुष्कळ, म्हणजे 260 च्या आसपास. 390 चा फोर बॅरल अगदी रग्गड झाला. टू बॅरलही वाईट नाही, पण आकडे बघून फसू नका. टू बॅरलची मोजणी पाऱ्याच्या 3 इंच व्हॅक्यूमवर होते आणि फोर बॅरलची दीड इंचावर, त्यामुळे 500 चा टू बॅरल फोर बॅरलच्या मापात 350 च्या जवळपासच भरतो. साडूंचा 600 कुठे बसतो हे तुम्हीच ठरवा.

बसवताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. नव्या मॅनिफोल्डच्या फ्लॅंजची (हेडला टेकणाऱ्या कडेची) जाडी आणि तुमच्या हेडरच्या फ्लॅंजची जाडी कॅलिपरने मोजा. दोन्ही एकाच बोल्टच्या जाड वॉशरखाली दाबले जातात. एक जाड आणि एक पातळ असेल तर वॉशर तिरका बसतो, पातळ बाजू ढिली राहते आणि तिथून हवा ओढली जाते. मग तुम्ही जन्मभर कार्बोरेटर ट्यून करत बसता. वॉशरला पायरी घासून घ्या, नाहीतर जाड फ्लॅंज मशीनवर उतरवून घ्या. गॅस्केटवर सीलंट थापून हे भागत नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मी म्हणतोय ते रोजच्या वापरातल्या गाडीबद्दल. निव्वळ शर्यतीची असेल, सतत वरच्या आरपीएमवर चालणार असेल, तर ऊब नको, तिथे साडूंचं बरोबर आहे (हे वाक्य त्यांना दाखवू नका). फार उकाड्यात पाणी फिरवत राहिलं तर गाडी बंद केल्यावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि परत चालू करताना त्रास होतो, म्हणून पाण्याच्या नळीत एक छोटा कॉक ठेवा आणि कडक उन्हाळ्यात तो बंद करा. आणि मुख्य म्हणजे इंजिन कुठल्या सालचं आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही. 1975 पासून बऱ्याच 250 ना इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, तो सुटा निघतच नाही. बोनेट उघडून बघा, हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये गॅस्केटची रेघ दिसते का. दिसत नसेल तर मॅनिफोल्ड शोधू नका, जुन्या पद्धतीचं हेड शोधा.