दोन्हीकडे एकच ‘नव्वद नंबर’ नको

दादा, तुमची गाडी नऊ वर्षांची, मागच्या चाकांवर चालणारी. परवा मुंबईत हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून काढलीत. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) दोन्हींत एकच नव्वद नंबर ऑइल टाकतो. ब्रेक ऑइल चांगलं दिसतंय, राहू दे. मला यातलं काहीच पटलेलं नाही.

सगळ्यात आधी डिफरन्शियल उघडा, या आठवड्यातच. गाडी चालून त्याचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तापलेलं असतं. ते गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड) किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काहीच कळत नाही. निघालेलं तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय असं समजा. तसं असेल तर नवीन तेल भरून थोडी गाडी चालवा आणि ते पुन्हा काढून टाका, कारण एका वेळेत सगळं पाणी निघत नाही. ब्रीदर साफ करायला विसरू नका. आणि मेकॅनिकसमोर उभे राहून वरचा, तेल भरायचा नट आधी सोडवून घ्या. खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही.

आता नव्वद नंबरचं. ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० हा फक्त जाडीचा आकडा. तेलात काय मिसळलंय ते जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दर्जांवरून कळतं. डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरचे दात एकमेकांवर दाबून घासत सरकतात, म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असलेलं जीएल-५ लागतं. तीच मात्रा काही तेलांत गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) खाते, शिवाय गिअर अडकत पडतात. म्हणून बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीला नेमकं काय ते मालकाच्या पुस्तिकेत छापलेलं आहे, तेच खरं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. ऑटोमॅटिक असेल तर पुस्तिकेबाहेरचं एक थेंबही घालू नये.

ब्रेक ऑइलबद्दल मी जरा आग्रहाने सांगतो. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या मुंबईच्या दमट हवेत तर शोषायला ओल भरपूर. डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हाच किमान आकडा १५५ धरलेला आहे. रंगावरून हे पाणी ओळखता येत नाही. मी एकदा पाच वर्षांचं ब्रेक ऑइल तसंच ठेवून सहकुटुंब खंडाळ्याचा घाट उतरत होतो. अर्ध्यावर पेडल मऊ पडलं आणि खाली जायला लागलं. तेलाची वाफ झाली होती. वाफ दबते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर आई होती. तेव्हापासून दर दोन वर्षांनी बदलतो, गाडी कमी चालली तरी.

डॉट-३ सांगितलं असेल तर डॉट-४ चालतं. डॉट-५ मात्र सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. (डॉट-५.१ वेगळं, ते डॉट-३, डॉट-४ सारखं ग्लायकॉलचंच.) सीलबंद लहान बाटली घ्या, उघडी पडलेली नको. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना ब्रेक ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका, एबीएसमध्ये (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) हवा गेली तर काही गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. आणि डबीतली पातळी खाली गेली असेल तर वरून भरण्याआधी ब्रेक पॅड बघा. पॅड झिजले की पातळी आपसूक उतरते.

डिफरन्शियलचं तेल कुठल्या रंगाचं निघालं ते कळवा. दुधाळ असेल तर पुढच्या चाकांच्या बेअरिंगचं ग्रीसही पाहावं लागेल.