91 टक्के मॅच, मग गप्पा का नाही जमल्या?

प्रश्न: ताई, मी 28 वर्षांचा, पुण्यात नोकरीला. एका डेटिंग अॅपवर एका मुलीशी 91% मॅच दाखवला. घरी पत्रिकेत 36 पैकी 22 गुण जुळले तरी आई मावशीला फोन लावते, इथं तर 91! कोथरूडला भेटलो, कॉफी झाली, आणि पाऊण तासात दोघंही आपापल्या मोबाईलमध्ये. मग हे 91 आलं कुठून? शिवाय दुसऱ्या अॅपवर पहिल्या आठवड्यात धडाधड मॅच आले, आता महिनाभर शुकशुकाट. माझं अकाउंट दाबून ठेवलंय का?
– कॉफीवाला

उत्तर: अरे कॉफीवाल्या, पत्रिकेचा विषय तूच काढलास ते बरं झालं. तिथं कसं, नाडीला 8 गुण, वर्णाला फक्त 1, म्हणजे कशाला किती वजन ते आधीच ठरलेलं. ओकेक्युपिड ह्या डेटिंग अॅपनं त्यांची टक्केवारीची पद्धत उघड सांगितली होती, त्यात हे वजन तू ठरवायचंस, एखादी गोष्ट तुला अजिबात महत्त्वाची नसेल तर 0, मग 1, 10, 50, आणि त्याशिवाय चालणारच नाही असं असेल तर 250.

आता दोनच प्रश्न घे. सिगारेट आणि मांजर. तू सिगारेटला 250 दिलेस, मांजरीला 10. सिगारेट तुम्ही दोघंही ओढत नाही, पण तिला मांजर हवी, तुला नकोय. म्हणजे तुझ्या बाजूनं ती 260 पैकी 250, झाले 96%. तिनं मात्र सिगारेटला 1 दिलाय आणि मांजरीला 10, म्हणजे तिच्या बाजूनं तू 11 पैकी 1, जेमतेम 9%. सरासरी काढली तर 53 येते, पण ते सरासरी काढत नव्हते, दोन्हीचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचे आणि आकडा येतो 30. एकट्याची पसंती चालत नाही, तिथंच गाडी अडते. (प्रश्न इतके कमी असतील तर खरं अॅप त्यातूनही अजून कापायचं.)

ह्या सगळ्यात कुठंही "समोरच्याला हसवता येतं का" असा प्रश्न नव्हता बघ. 91 म्हणजे तुमची उत्तरं जुळली, बस. ह्याच ओकेक्युपिडवाल्यांनी 2014 मध्ये सांगून टाकलं की 30% मॅच असलेल्या काही जोड्यांना आम्ही मुद्दाम 90% दाखवलं, आणि त्यांच्यात गप्पा वाढल्या की! वाचून मला रागही आला आणि हसूही, कारण आपल्याकडे "छत्तीसच्या छत्तीस जुळले" म्हटल्यावर मुलगा आपोआप देखणा दिसायला लागतो ते हेच.

दुसऱ्या अॅपचं म्हणशील तर दाबून कोण कशाला ठेवेल. टिंडर हे अॅपच घे, ते पूर्वी बुद्धिबळातल्या ईलो रेटिंगसारखा (कुणाला हरवलं त्यावर खेळाडूची पातळी ठरते तो) नंबर वापरायचं, जास्त मागणी असलेल्या कोणी तुला उजवीकडे स्वाइप केलं, म्हणजे पसंत केलं, की तुझा भाव वर, पण 2019 मध्ये त्यांनी सांगितलं की ते आता जुनं झालं, जे अॅप वापरत असतात, त्यातही एकाच वेळी ऑनलाइन असतात, त्यांना आधी दाखवतो. आता खरं सांग, पहिल्या आठवड्यात तू दिवसातून किती वेळा उघडत होतास आणि आता किती? रविवारी दुपारी जेवून आडवं पडल्यावर एकदा, हो ना? त्यात 5 किलोमीटर आणि 24 ते 26 वय असं फिल्टर लावून बसला असशील तर त्यातल्या मुली बघून संपल्या रे, पुणं मोठं असलं तरी तुझा चौकोन छोटाय. अंतर 20 कर, वय थोडं सैल कर.

आणि एक, कॉफीनंतर त्या मुलीला मेसेज केलास का? पत्रात कुठंच लिहिलं नाहीयेस. पाऊण तास तीही घाबरलेली असेल, मोबाईल तिनंही काढलाच होता की.