बोनस रोख घ्यावा की शेअर?

प्रश्न : मी एका ब्रॉडबँड कंपनीच्या नेटवर्क विभागात आहे. जुन्या टेलिफोन कंपनीच्या तांब्याच्या तारा भाड्याने घेऊन आम्ही इंटरनेट पुरवतो. यंदा बोनस रोख घ्या किंवा २० टक्के सवलतीत कंपनीचे शेअर घ्या, असा पर्याय आहे. शेअर तीन वर्षं विकता येणार नाहीत. तारांचं भाडं नियामकाने ठरवलंय. तो आदेश आणखी दीड वर्ष लागू आहे. काय करू?

उत्तर : तुम्ही दिलेल्या दोन्ही मुदती शेजारी ठेवून वाचा. पैसे अडकणार तीन वर्षं आणि नफा ज्या भाड्यावर उभा आहे, त्याची खात्री त्याच्या निम्म्या काळापुरती. एवढ्या जोखमीला २० टक्के सवलत मला तरी कमी वाटते.

ग्राहकाचं मासिक शुल्क आणि तारेचं भाडं यांच्यातल्या फरकावर तुमची कंपनी जगते. शिवाय तारांची मालक कंपनी त्याच ग्राहकाला स्वतःचं इंटरनेटही विकते. भाडं तेवढंच ठेवून तिने आपला दर उतरवला, तरी तुमची कोंडी होते.

हे मोठमोठ्यांना भोवलंय. अमेरिकेत १९९६च्या दूरसंचार कायद्याने स्थानिक टेलिफोन कंपन्यांना आपलं जाळं प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने द्यावं लागलं. तेव्हाच्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने त्या जोरावर घरगुती ग्राहक जमवले. मार्च २००४मध्ये अपील न्यायालयाने त्यातले कळीचे नियम रद्द केले आणि जुलैत कंपनीने नवे घरगुती ग्राहक मिळवण्याचा नाद सोडला. पुढच्याच वर्षी एसबीसीने ती विकत घेतली. एसबीसी त्या तारा भाड्याने देणाऱ्यांपैकीच एक! उलट फ्रान्समधल्या ‘फ्री’ या इंटरनेट कंपनीने घरापर्यंतची तार तेवढी भाड्याने घेतली, टेलिफोन एक्सचेंजमध्ये यंत्रं स्वतःची बसवली, पुढे फायबर आणि मोबाइलचं जाळंही उभारलं.

तुमची कंपनी यातली कोणती, हे ताळेबंदापेक्षा तुम्हालाच लवकर कळेल. एक्सचेंजमध्ये ग्राहकाची जंपर वायर, म्हणजे त्याची तार यंत्राला जोडणारी वायर, कुणाच्या रॅकमध्ये (यंत्रांच्या कपाटात) जाते? तिथे यंत्रही मालक कंपनीचंच असेल आणि तुमचं फक्त बिल, तर शेअरच्या वाटेला जाऊ नका. तांबं काढून फायबर टाकण्याचं काम सुरू आहे का, तेही पाहा. तांब्याचा आदेश फायबरला लागू होतोच असं नाही.

आणि पगार? भाडं वाढलं तर शेअर पडेल, तेव्हाच पगारवाढही अडेल. नोकरीवरही गदा येऊ शकते. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर सगळा बोनस रोख घ्या. तो असेल आणि रॅक स्वतःचे असतील, तर चौथा हिस्सा शेअरमध्ये घाला, त्याहून जास्त नको. नवा दर ठरण्याआधी नियामक सहसा मसुदा काढून हरकती मागवतो. बाकीचे लोक तो वाचून शेअर विकतील, तुम्हाला मात्र विकता येणार नाही.